हॉस्टेलमध्ये दिव्यांगांसाठीच्या सोयी मागायच्या कशा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरा-पोरींसाठी सगळी पद्धत

पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये मी पाणी पिणं बंद केलं होतं. म्हणजे अगदीच बंद नाही, पण सकाळी एक ग्लास, दुपारी मेसमध्ये अर्धा, आणि संध्याकाळी पाचनंतर काहीच नाही. कारण खोली दुसऱ्या मजल्यावर, बाथरूम पॅसेजच्या पार त्या टोकाला, त्याच्या दाराशी चार इंचाचा उंबरा, आत सगळे भारतीय पद्धतीचे संडास, आणि मी दोन्ही हातात एल्बो क्रच घेऊन चालणारी. जुलैचा पाऊस सुरू झाला की तो पॅसेज दिवसभर ओला, क्रचचं रबर सटकायचं. रात्री जायला लागू नये म्हणून पाणीच नको. दोन महिन्यात लघवीला जळजळ, ताप, आणि आठवडाभर घरी. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पितेस, तेव्हा आईसमोर खरं सांगायला मला लाज वाटली.

आज वाटतं लाज मला वाटायचं काही कारणच नव्हतं. मी वॉर्डन मॅडमना तोंडी दोनदा सांगितलं होतं की मला खाली रूम द्या. त्या वाईट नव्हत्या, दोन्ही वेळा हसून म्हणाल्या, ‘बघूया, सध्या अॅडजस्ट माडकोरी.’ चूक एवढीच झाली की मी तोंडी सांगितलं आणि नुसतं ‘सोय करा’ म्हटलं. पुढच्या वर्षी लेखी दिलं, नेमकं काय पाहिजे, कशाला पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे ते लिहिलं, पोच घेतली, आणि तीन आठवड्यात खोली मिळाली. त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच पोरा-पोरींचे अर्ज लिहून दिले. त्यातून जे कळलं ते सगळं इथे सविस्तर लिहिते, लांब झालं तरी चालेल, कारण ज्याला गरज आहे तो वाचेलच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आपण उपकार मागत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी अनुदानावर चालणाऱ्या किंवा सरकारी मान्यता असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सोयीसुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करून द्यायचे. प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे, हे शब्द फार महत्त्वाचे. म्हणजे ‘आमच्याकडे एक रॅम्प आहे, झालं’ असं म्हणून कुणाला सुटता येत नाही. आणि मान्यता असलेल्या म्हणजे खाजगी कॉलेजंसुद्धा आली. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे तुम्ही भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात असा, माच्छेच्या व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात) असा, नाहीतर सीमा ओलांडून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेला असा, नियम तोच. इकडे कन्नड बोर्ड तिकडे मराठी बोर्ड, एवढाच फरक.

आता कामाला लागूया.

पहिलं काम, टेप घेऊन जा

अर्ज लिहायला बसायच्या आधी हॉस्टेल डोळ्यांनी बघून या. अॅडमिशनच्या दिवशी नाहीतर त्याच्या आधी, बाबा, दादा, मामा कुणालातरी घेऊन जा आणि खिशात सुताराचा टेप ठेवा. मग सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता ते मनात धरून तो रस्ता प्रत्यक्ष चाला. गेटपासून रूमपर्यंत पायऱ्या किती, कठडा एका बाजूला की दोन्ही बाजूला. रूमच्या दारातून व्हीलचेअर जाते का, दार उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर तरी पाहिजे. बाथरूम किती पावलं, उंबरा किती इंच, कडी किती उंचीवर, नळ कुठे, बादली कुणी उचलायची. मेस कुठल्या इमारतीत, मधे पाऊस लागतो का. गरम पाणी वरच्या सोलरमधून खालच्या मजल्यावर येतं का. खाटेची उंची किती, कारण फार खाली असेल तर काहीजणांना उठताच येत नाही.

हे सगळं वहीत लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. पायरीचा फोटो काढताना शेजारी टेप उभा धरा म्हणजे उंची दिसते. मी जेव्हा मॅडमच्या टेबलावर चार इंचाच्या उंबऱ्याचा टेप लावलेला फोटो ठेवला तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसून बघत राहिल्या, कारण त्या रोज तो उंबरा ओलांडत होत्या आणि त्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

रॅम्पचा हिशोब पण समजून घ्या. प्रमाण १ ला १२ असं आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचाची पायरी असेल तर रॅम्प सहा फूट लांब पाहिजे. आमच्याकडे गवंडी दीड फुटाचा उतार करून देतात, तो मोटारसायकल चढवायला ठीक, व्हीलचेअर त्याच्यावर मागे उलटते. म्हणून अर्जात ‘रॅम्प करावा’ एवढंच न लिहिता लांबी लिहा.

कागद कुठले लागतात

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने रिपोर्ट जोडायचे, हॉस्पिटल निवडायचं आणि तिथून बोलावणं आलं की तपासणीला जायचं. बेळगाव जिल्ह्यासाठी बहुतेकांना बिम्सच्या (बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) जिल्हा हॉस्पिटललाच जावं लागतं. गावात पंचायतीत विकलचेतनांसाठी काम करणारा एक कार्यकर्ता असतो, त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात, आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू. पोर्टल जमत नसेल तर त्यांना गाठा, त्यांचं तेच काम आहे. कन्नडमध्ये दिव्यांगाला विकलचेतन किंवा अंगविकल म्हणतात, ऑफिसच्या पाटीवर तोच शब्द शोधा, नाहीतर जिल्हा कचेरीत तासभर फिरत बसाल.

सीमाभागात एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सर्टिफिकेट कोल्हापूरच्या हॉस्पिटलचं आहे, आजोळी राहून काढलं होतं, ते इथे चालतं का? चालतं. कलम ५८ प्रमाणे दिव्यांग सर्टिफिकेट सगळ्या देशात वैध आहे. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर कलमाचा आकडा सांगा, नम्रपणे पण सांगाच.

नावाचं मात्र सांभाळा. आपल्या लोकांची नावं कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत कुठेतरी जाताना बदलतात, दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, यूडीआयडीवर वडिलांचं नावच गायब. कार्ड भरतानाच आधार आणि दहावीच्या कार्डाशी जुळवून भरा. जुळत नसेल तर हे दोन्ही एकाच व्यक्तीचे कागद आहेत असं अॅफिडेविट करून घ्या आणि प्रत्येक सेटला त्याची झेरॉक्स लावा.

दुसरा कागद म्हणजे डॉक्टरांचं पत्र, आणि माझ्या मते हा कार्डापेक्षा जास्त कामाचा आहे. कार्डावर टक्के असतात, ६० टक्के, ७५ टक्के, पण टक्क्यांवरून वॉर्डनला काय कळणार? पत्रात आजाराचं नाव थोडक्यात आणि तुम्हाला काय जमत नाही ते सविस्तर पाहिजे. ‘ही विद्यार्थिनी पायऱ्या चढू शकत नाही, उकिडवं बसू शकत नाही, ओल्या फरशीवर पडायचा धोका आहे, म्हणून तळमजला, कमोड आणि हाताला धरायचा बार आवश्यक आहे’, असं. डॉक्टर घाईत असतात, तुम्ही आधीच ही वाक्यं कागदावर लिहून न्या आणि ‘सर, हे बरोबर असेल तर लेटरहेडवर द्या’ म्हणा. फिजिओथेरपिस्टकडूनही असं पत्र घेता येतं.

आणि ज्यांचं टक्केवारीत ४० च्या खाली आहे, किंवा अजून कार्डच आलेलं नाही, त्यांनी मागे हटू नका. ५ टक्के राखीव जागांसारख्या काही फायद्यांना ४० टक्क्यांची अट आहे, पण वाजवी फेरबदल मागायला ती अट नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हेच सांगितलं. त्या मुलाच्या हाताला लिहिताना त्रास व्हायचा, ४० टक्क्यांत तो बसत नव्हता, तरी लेखनिक घ्यायचा त्याचा हक्क कोर्टाने मान्य केला.

अर्ज कधी द्यायचा

खोल्या वाटायच्या आधी. हे वाक्य मोठ्या अक्षरात वाचा. एकदा लिस्ट लागली की खालच्या मजल्यावरच्या पोरींना उठवून तुम्हाला जागा द्यायची म्हणजे वॉर्डनला भांडण मोल घेतल्यासारखं वाटतं, आणि त्या पोरी पण विनाकारण तुमच्यावर राग धरतात. म्हणून अॅडमिशनची फी भरली त्याच आठवड्यात हॉस्टेलचा अर्ज आणि हा वेगळा अर्ज दोन्ही द्या. ऑनलाइन अॅडमिशनच्या फॉर्ममध्ये दिव्यांग म्हणून टिक केलं म्हणजे हॉस्टेलला कळलं असं समजू नका, ती माहिती अॅडमिशनच्या खात्यात राहते, हॉस्टेलच्या टेबलावर पोचत नाही. राखीव जागेचंही तसंच, ती शिकायच्या सीटसाठी असते, राहायच्या खोलीचं वेगळं मागायला लागतं. बीसीएम (मागासवर्गीय कल्याण खातं) किंवा समाजकल्याणच्या हॉस्टेलला अर्ज केला असेल तर ते कॉलेजच्या हातात नसतं, त्या खात्याच्या तालुका अधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज द्यायचा.

अर्धं वर्ष उलटून गेलं असेल तरीही द्या. पाय मोडला, ऑपरेशन झालं, नजर कमी झाली, हे काही जून महिना बघून होत नाही.

भाषेचं काय करायचं

घटनेच्या ३५० व्या कलमात आहे की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज राज्याच्या किंवा केंद्राच्या अधिकाऱ्याला त्या राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीतला अर्ज कुणी भाषेच्या कारणावरून परत करायला नको. पण माझं मत विचाराल तर खोलीसाठी अडून बसला आहात तेव्हा भाषेची लढाई त्याच कागदावर लढू नका. अर्ज इंग्रजीत करा, आणि विषयाची ओळ व मागण्या कन्नडमध्ये पण लिहून घ्या, कारण फाईल पुढे सरकवणारा क्लार्क ती ओळ वाचूनच ठरवतो हा कागद कुणाकडे पाठवायचा. कन्नड येणारी मैत्रीण प्रत्येक वर्गात असते, दहा मिनिटांचं काम आहे. माझा अर्ज सौंदत्तीकडच्या एका रूममेटने लिहून दिला होता, आणि माझ्यापेक्षा तिनेच तो मॅडमना जास्त पोटतिडकीने वाचून दाखवला.

मजकूर असा ठेवा, मी मराठीत देते, तुम्ही बदलून घ्या.

प्रति, मुख्य वॉर्डन, मुलींचे वसतिगृह. प्रत माहितीसाठी: कुलसचिव किंवा प्राचार्य, आणि समान संधी कक्ष.

विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ३ व १६ नुसार वसतिगृहात वाजवी फेरबदल मिळण्याबाबत.

महोदया, मी अमुक वर्गात या वर्षी प्रवेश घेतला आहे. मला चालण्याचे अपंगत्व असून यूडीआयडी कार्ड व डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. मी पायऱ्या चढू शकत नाही व उकिडवे बसू शकत नाही. त्यामुळे पुढील गोष्टी आवश्यक आहेत. एक, तळमजल्यावर बाथरूमच्या जवळची खोली. दोन, त्या बाथरूममध्ये एक कमोड व भिंतीला दोन्ही बाजूंनी पकडायचे बार. तीन, बाथरूमच्या चार इंच उंबऱ्याला चार फूट लांबीचा उतार. चार, अतिवृष्टीच्या दिवशी जेवण खोलीत आणून देण्यास परवानगी. यातील पहिली गोष्ट वसतिगृह सुरू होण्याच्या तारखेपूर्वी आणि बाकीच्या त्यानंतर तीस दिवसांत व्हाव्यात ही विनंती. काही गोष्ट शक्य नसल्यास तिचे कारण व पर्याय लेखी कळवावा. प्रत्यक्ष पाहणीसाठी मी सोबत यायला तयार आहे.

शेवटची दोन वाक्यं काढू नका. कायद्यात ‘अवाजवी बोजा पडणार नसेल तर’ असं आहे, त्यामुळे ते कधी कधी नाही म्हणू शकतात, पण कारण लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच गोष्टी अचानक शक्य होतात. आणि प्रत्येक मागणीपुढे कारण बसलं पाहिजे. एका पोराने अर्जात एसी मागितला होता कारण नाही लिहिलं, सगळा अर्ज थट्टेवारी गेला. त्याला खरंतर घाम येत नसल्यामुळे ताप चढायचा, ते एक वाक्य लिहिलं असतं तर वेगळं झालं असतं.

अर्ज देताना

दोन प्रती न्या. एक ऑफिसला, दुसरीवर आवक नंबर, तारीख, सही आणि शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल ठेवून जा, तुम्ही उभे राहा आणि सांगा, ‘सील हाकी कोड्री.’ म्हणजे शिक्का मारून द्या. एवढं कन्नड प्रत्येकाने पाठ करावं. ‘नाळे बर्री’ म्हणाले तर उद्या या म्हणतात असं समजा, आणि उद्या खरंच जा. अजिबात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पोच-पावतीसह पाठवा, आणि तोच कागद स्कॅन करून कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या ईमेलवर टाका. ईमेलला तारीख आपोआप पडते, ती नंतर उपयोगी येते.

मग वॉर्डनना जाऊन भेटा. कागद दिला म्हणजे बोलायचं नाही असं नाही, उलट कागद दिल्यावर बोलणं सोपं होतं. आई-वडिलांना सोबत न्या पण बोलायचं तुम्ही. आमचे आबा हात जोडून उभे राहायचे, ‘मॅडम, पोरीकडं जरा बघा ओ’, मला ते बघवत नसे. दुसऱ्या वर्षी मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं.

तिथे काय काय ऐकायला मिळतं ते आधीच सांगते म्हणजे गोंधळणार नाही. ‘खालचे रूम फायनल इयरला देतो, तशी पद्धत आहे.’ यावर म्हणा, पद्धत आहे ते ठीक, पण कायद्याप्रमाणे गरजेला आधी बघायला लागतं, आणि मला एकच रूम पाहिजे. ‘खर्चाला मंजुरी नाही.’ म्हणा, कमोडची खुर्ची आणि दोन बार एवढ्याने सध्या भागतं, बांधकाम नंतर करा. ‘खर्च तुम्ही द्या, आम्ही बसवतो.’ इथे सावध, आपले लोक भिडेखातर लगेच हो म्हणतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत तिसऱ्या नियमात सरळ लिहिलं आहे की वाजवी फेरबदलाचा खर्च थोडाही किंवा पूर्ण दिव्यांग व्यक्तीवर टाकायची सक्ती कुठल्याही संस्थेने करायची नाही. ‘पडलीस बिडलीस तर जबाबदारी आमच्यावर येईल, घरूनच ये-जा कर.’ हे सगळ्यात वाईट, कारण ते काळजीच्या आवाजात येतं. जांबोटीकडून नाहीतर चिकोडीकडून रोज बसने ये-जा करणं ज्याला जमतं त्याने हॉस्टेल मागितलंच नसतं. धोका कमी करायलाच सोयी मागतोय हे शांतपणे सांगा, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर राहते’ असल्या बॉण्डवर सही मागितली तर लगेच करू नका, घरी नेऊन वाचते म्हणा.

चालण्याचा त्रास सोडून बाकीच्यांसाठी

कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यामुळे वॉर्डनच्या डोक्यात अजून कुबडी, काठी आणि कानातलं मशीन एवढंच असतं. तुमचं दिसत नसेल तर जास्त समजावून सांगायला लागतं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी दार वाजवल्यावर आणि आगीच्या घंटेबरोबर पेटणारा दिवा मागा, सूचना तोंडी न देता व्हॉट्सअॅपवर आणि बोर्डवर लावायला सांगा, आणि रात्री काही झालं तर कोण येऊन उठवणार त्याचं नाव ठरवून घ्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पॅसेज मोकळा असणं हीच मोठी सोय आहे, चपला, पाण्याचे ड्रम, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, हे रोज जागा बदलतं म्हणून त्रास. रूम वर्षभर तीच ठेवा आणि खाट-टेबल विचारल्याशिवाय हलवू नका, असं लिहा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी मेस, लायब्ररी, गेट हा रस्ता दोन-चारदा चालवून दाखवावा.

सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही त्या २१ मध्ये आहेत. हिमोफिलियाच्या मुलाला औषध फ्रिजमध्ये ठेवायला लागतं, मेसच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी नको, कुलपाची पेटी किंवा रूममध्ये छोटा फ्रिज असं मागा. व्हीलचेअर बॅटरीवरची असेल तर चार्जिंगचा मुद्दा आधीच लिहा, नाहीतर ‘रूममध्ये इलेक्ट्रिक वस्तू बंद’ या नियमात इस्त्री आणि शेगडीबरोबर तुमची खुर्ची पण जप्त करायला येतील. बाजूच्या चाकांची स्कूटर असेल तर दाराजवळ छपराखाली जागा.

मानसिक आजार आणि ऑटिझमवाल्यांना मी खास सांगते, तुम्हाला आजाराची सगळी कहाणी वॉर्डनला सांगायची गरज नाही. ‘शांत खोली, दोनच जणी, रात्रीचं औषध घेतल्यावर सकाळच्या हजेरीत सवलत’ एवढं डॉक्टरांच्या पत्रावर पुरतं. पत्र बंद पाकिटात द्या आणि अर्जात लिहा की वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवावी. कुणी त्यावरून चिडवलं, नावं ठेवली तर ते रॅगिंग आहे, यूजीसीची हेल्पलाइन १८००१८०५५२२ चोवीस तास चालू असते.

मदतनीस लागत असेल, म्हणजे आई किंवा बहीण सोबत राहायला पाहिजे असेल, तर तिच्या राहण्या-जेवणाचं काय, गेट पास कसा, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा. याच मुद्द्यावर नंतर सगळ्यात जास्त कटकट होते.

नाहीच ऐकलं तर

पंधरा दिवस वाट बघा. मग एक स्मरणपत्र, जुन्या आवक नंबरचा उल्लेख करून. तरी काही नाही तर खालच्या वाटा आहेत, आणि सगळ्या एकदम धरू नका, एकेक धरा.

कॉलेज-विद्यापीठातली विद्यार्थी तक्रार निवारण समिती ही पहिली. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान नाही झालं तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.   तिथे नाही झालं तर जिल्हा पातळीची दिव्यांग समिती.

माहितीचा अधिकार पण वापरा, सरकारी संस्थेला. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तळमजल्यावरच्या खोल्या कुणाला कुठल्या निकषावर दिल्या.’ फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. पण कर्नाटकात नियम आहे की अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, त्यामुळे मोठी कहाणी लिहिली की परत येतो. लहान लिहा.

यानंतर बेंगळुरूचे राज्य दिव्यांग आयुक्त. तक्रार लेखी, सोबत पोच असलेले सगळे कागद. त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायला लागतं. वकील लागला तर पैसे घालवू नका, दिव्यांग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, फोन १५१००.

एवढ्या लांब जायला बहुतेकांना लागत नाही असा माझा अनुभव. पण माहीत असलं की पहिल्या टेबलावर बोलताना आवाज थरथरत नाही.

खोली मिळाली की

सामान टाकायच्या आधी तपासा. बार हाताने जोरात ओढून बघा, माझ्या बाथरूममधला पहिला बार टाइल्सवर नुसत्या दोन छोट्या स्क्रूवर बसवला होता, मी वजन टाकल्यावर भिंतीतून निघून हातात आला, नशीब दुसरा हात चौकटीला होता. भिंतीत खोल बोल्ट घालून परत बसवून घेतला. कमोडशेजारी नळ हाताच्या अंतरावर आहे का, बसून कडी लागते का, रात्री लाइट गेली तर दिवा कुठे. जे राहिलं असेल ते त्याच आठवड्यात लेखी कळवा, ‘खोली मिळाली, आभारी आहे, पण दुसरी आणि तिसरी गोष्ट बाकी आहे’ असं.

दर वर्षी मे महिन्यात परत अर्ज द्या, मागच्या वर्षीची मंजुरी जोडून, कारण जूनमध्ये लिस्ट नव्याने लागते आणि वॉर्डन बदललेली असते. क्रचची रबरं पावसाळ्याआधी नवी घाला, दोन जोड्या जास्त ठेवा.

आणि हॉस्टेल सोडताना एक शेवटचा अर्ज द्या, मी दिला होता. त्यात लिहिलं की ही खोली आणि तिच्याजवळचं बाथरूम रजिस्टरला दिव्यांग विद्यार्थिनींसाठी राखीव म्हणून नोंदवावं, बार आणि कमोड काढू नये. त्याचीही पोच घेतली. मागच्या वर्षी नंदगडकडची एक पोरगी फोनवर म्हणाली, आक्का, मला एक नंबरची रूम मिळाली, बाथरूममध्ये उतार आधीच केलेला आहे. मी तिला विचारलं, बार ओढून बघितलास का? म्हणाली थांब हं, आणि फोन तसाच ठेवून बघायला गेली.